गाडीत गॅस गिझर ठोकण्याआधी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मध्यंतरी घरोघरी जाऊन सेवा देणाऱ्या छोट्या धंद्यांवर एक लेख आला होता, त्यात व्हॅनमधून कार्पेट धुण्याच्या कामाबद्दल चार ओळी होत्या आणि त्यातलं एक वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. गरम पाण्यासाठी गाडीत एक छोटा गॅस गिझर बसवून घेतला की काम भागतं, असं काहीसं ते वाक्य होतं. मी हेच काम करतो, बरीच वर्षं करतोय, आणि ते वाक्य वाचून या कामात नव्याने उतरणारा एखादा मुलगा उद्या खरंच तसा गिझर आणून गाडीत ठोकेल या काळजीने लिहायला बसलोय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण धुराचा भाग आणि हिशोबाचा भाग तेवढा राहू द्या.

सुरुवातीला मी पण तेच केलं होतं. बाथरूममध्ये लावतात तसला गॅस गिझर, धुराडं नसलेला, व्हॅनच्या मागच्या भागात पट्टीवर स्क्रूने बसवला, शेजारी सिलेंडर बांधला, पंपाचं पाणी त्यातून फिरवलं आणि पाणी झकास गरम यायला लागलं. मागचा दरवाजा सताड उघडा ठेवून काम करायचो म्हणून कित्येक दिवस काहीच जाणवलं नाही. मग एकदा कामाच्या मधेच जोराचा पाऊस आला, पाणी आत मशीनवर यायला लागलं म्हणून दरवाजा ओढून घेतला, पाईप जाईल एवढी फट ठेवली. माझा मदतनीस आत बसून टाकी आणि गिझरकडे बघत होता, मी घरात वाँड मारत होतो, म्हणजे पाणी फवारून मळासकट परत ओढून घेणारी लांब दांड्याची नळी. अर्ध्या-पाऊण तासाने पाणी कोमट यायला लागलं म्हणून हाक मारली, उत्तर नाही, परत मारली, नाही, म्हणून बाहेर येऊन बघतो तर पोरगा टाकीला टेकून डोकं धरून बसलेला. डोकं ठणकतंय, मळमळतंय, जरा पडू का म्हणाला. मला वाटलं दमला असेल. आणि मी काय केलं तर मी पण आत चढलो, गिझरची ज्योत पिवळी का दिसतेय ते बघायला पाच-सात मिनिटं वाकून खटपट केली, तेवढ्यात माझ्याच कपाळात कळ यायला लागली आणि पाय शिशासारखे जड झाले. तेव्हा कुठे लक्षात आलं. गॅस बंद केला, त्याच्या काखेत हात घालून त्याला बाहेर ओढलं, दोघं पावसातच बसलो. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, बंद जागेत काही जळत होतं का? त्याला ऑक्सिजन लावला, संध्याकाळपर्यंत तो माणसात आला. थोडक्यात निभावलं. त्याच रात्री गिझर काढला आणि कानाला खडा लावला.

हे जे झालं ते कार्बन मोनॉक्साइडमुळे. या वायूला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही, म्हणजे शरीर सावध करेल असं काहीच त्यात नाही. गॅसला जळायला पुरेशी हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हवा कमी पडली की अर्धवट जळून मोनॉक्साइड. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असतो पण ऑक्सिजन पोचत नाही. मोकळ्या हवेत आल्यावरही रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात, म्हणून बाहेर येऊन बरं वाटलं की परत आत जाऊन काम चालू केलं असं अजिबात करू नका, डॉक्टरकडेच जा.

आणि व्हॅन किती छोटी जागा असते याचा अंदाज लोकांना नसतो. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. मध्यम आकाराच्या व्हॅनचा मागचा भाग सगळा रिकामा धरला तरी आठ-दहा घनमीटर भरतो, त्यात टाकी, मशीन, पाईपची भेंडोळी, बादल्या, केमिकलचे कॅन ठेवल्यावर उरतं किती? कार्पेटच्या कामाला लागणारा गरम पाण्याचा प्रवाह द्यायचा तर असा गिझर तासाला किलोभर गॅस सहज खातो. दरवाजा बंद असेल तर ऑक्सिजन कमी व्हायला तासभर लागत नाही, आणि आधी ज्योत मरत नाही, आधी मोनॉक्साइड वाढतो. निळी ज्योत पिवळी झाली, लवलवायला लागली, भांड्यावर काजळी धरली तर तो शेवटचा इशारा समजा, आणि खरं सांगायचं तर तोवर उशीर झालेला असू शकतो.

आता प्रश्न असा की एवढा धोका असून लोक गॅसकडेच का जातात. त्याचं कारण हिशोबात आहे आणि तो हिशोब कोणी करून दाखवत नाही म्हणून मी इथे करतोय. एक लिटर पाणी एक डिग्रीने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात, म्हणजेच एक युनिट विजेत १०० लिटर पाणी साडेआठ डिग्रीने चढतं, बस, एवढंच. आपला वाँड मिनिटाला साधारण चार लिटर पाणी फवारतो. ते पाणी २० डिग्रीवरून ६० वर वाहता वाहता न्यायचं तर ११ किलोवॅट लागतात. तीन किलोवॅटचा विजेचा हीटर मधे लावला तर त्याच प्रवाहात पाणी जेमतेम दहा-अकरा डिग्री चढेल, हाताला फरक कळेल, कार्पेटला फारसा कळणार नाही. म्हणून लोकांना वाटतं की झटपट गरम पाणी हवं तर जाळ हवाच.

इन्व्हर्टर आणि जादा बॅटरी लावून बघू असं दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी मला विचारतं. बारा व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात १.२ युनिट असतात, आणि लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली रोज उतरवली की लवकर मरते, म्हणजे वापरायला मिळालं अर्धं-पाऊण युनिट, त्यात १०० लिटर पाणी पाच डिग्रीने तापलं आणि बॅटरी संपली. तीन किलोवॅटचा हीटर १२ व्होल्टवर चालवायचा तर २५० अँपिअर ओढणार, त्या करंटला अंगठ्याएवढी केबल लागते आणि एक जोड जरी ढिला असला तरी तिथे ठिणगी. गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग, १०० अँपिअरचा धरला तर तो सगळा मिळून १.४ किलोवॅट देणार, त्यातला काही गाडीच खाते. तर हा रस्ता विसरा. कोणी दुकानदाराने होतंय म्हणून सांगितलं तरी त्याला आधी लिटर, डिग्री आणि मिनिटं विचारा आणि वरच्या आकड्याने गुणून बघा.

मग करायचं काय? मला जे उत्तर सापडलं ते फार साधं आहे आणि ते उशिरा सापडलं याचं वाईट वाटतं. पाणी साइटवर वाहता वाहता तापवायचंच नाही. रात्री तापवायचं आणि दिवसभर गरम ठेवायचं. गाडी रात्री उभी असते, दहा तास हातात असतात, तिथे घाई कशाला. २०० लिटर पाणी २० वरून ७० डिग्रीवर न्यायला साधारण पावणेबारा युनिट लागतात, तीन किलोवॅटची कॉइल टाकीत बसवली की चार तासात काम होतं, टायमर लावून झोपा, सकाळी पाणी तयार. आग नाही, धूर नाही, गाडीत सिलेंडर नाही. साइटवर ७० डिग्रीचं पाणी जास्त वाटलं तर आंघोळीच्या पाण्यात घालतो तसं गार पाण्याचं विसण घालायचं, मिक्सिंग व्हॉल्व मिळतो तो हेच काम करतो, आणि मग २०० लिटरचं अडीचशेच्या वर पाणी मिळतं. तीन-चार खोल्यांचं काम, सोफा वगैरे धरून, यात आरामात होतं. कामं जास्त असतील तर मधे कुठे तरी प्लग मिळाला की तासभर लावायचं.

पण टाकीला इन्सुलेशन पाहिजे, त्याशिवाय हे सगळं व्यर्थ. उघड्या टाकीतलं गरम पाणी सुरुवातीला तासाला चार-पाच डिग्री उतरतं, सकाळी ७० चं निघालं की दुपारच्या कामाला चाळिशीत आलेलं असतं. तीच टाकी चहूबाजूंनी, तळाला आणि झाकणालासुद्धा, दोन इंच फोमने नीट बंद केली तर अख्ख्या रात्रीत पाच-सहा डिग्री पण उतरत नाही. तळ आणि झाकण लोक विसरतात, नुसतं भोवती गुंडाळतात आणि मग फोमला नावं ठेवतात.

टाकी कशाची हे पण बघायला हवं. पाणी साठवायची जी साधी प्लास्टिकची टाकी असते ती गार पाण्यासाठी असते, ६० डिग्रीच्या पुढे ती मऊ पडायला लागते, पोट सुटतं, आणि नळाच्या जोडापाशी आधी चीर जाते. माझ्या ओळखीतल्या एकाची अशीच टाकी चालत्या गाडीत फाटली होती आणि सगळं गरम पाणी गाडीच्या तळावर, नशीब की मागे कोणी बसलेलं नव्हतं. स्टेनलेस स्टीलची टाकी घ्या, आत आडवे पडदे मारून घ्या म्हणजे पाणी हिंदकळणार नाही. २०० लिटर म्हणजे २०० किलो, टाकीचं वजन वेगळंच, आणि ब्रेक मारल्यावर ते वजन ड्रायव्हरच्या पाठीच्या दिशेनेच येतं, त्यामुळे टाकी पत्र्याला बांधलेली चालत नाही, खाली चॅसीला बोल्टने घट्ट पाहिजे. गाडी किती वजन घेऊ शकते तो आकडा तिच्या कागदावर असतो, त्यात मशीन, माणसं आणि पाणी सगळं बसवा.

अजून एक, तापलं की पाणी फुगतं. २० डिग्रीवरून ८० वर गेलं की १०० लिटरचं जवळजवळ पावणेतीन लिटर जास्त होतं. सगळीकडून बंद टाकीत ते जाणार कुठे? टाकी उघड्या पद्धतीची असेल तर वरून एक नळी गाडीच्या बाहेर काढलेली हवी, आणि बंद प्रेशरची असेल तर सेफ्टी व्हॉल्व हवाच, त्याची नळी माणसाच्या अंगावर येणार नाही अशी खाली जमिनीकडे सोडलेली. थर्मोस्टॅट एक असतोच, पण तो चिकटला तर पाणी उकळतच राहील म्हणून वर एक वेगळा कटआउट लावा, एकदा तुटला की हाताने चालू करावा लागतो तसला. हे दोन भाग टाळून पैसे वाचवणारी माणसं मी बघितली आहेत आणि मला त्यांच्याबरोबर त्या गाडीत बसायची भीती वाटते.

दुसरा चांगला रस्ता इंजिनच्या उष्णतेचा. इंजिनमध्ये जाळलेल्या इंधनातला ढोबळ मानाने एक तृतीयांशच चाकापर्यंत पोचतो, बाकीचा कूलंटमधून, म्हणजे इंजिन गार ठेवायला त्यात फिरणाऱ्या पाण्यातून, आणि सायलेन्सरमधून हवेत जातो. कूलंट ८०-९० डिग्रीला फिरत असतो, त्याची एक फेरी टाकीतल्या वेटोळ्या नळीतून नेली की एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना टाकी आपोआप तापत राहते. बोटींमध्ये आणि राहायच्या कॅम्पर गाड्यांमध्ये अशा टाक्या कधीपासून वापरतात. गाडीतच पक्क्या बसवलेल्या मोठ्या ट्रकमाउंट मशीनमध्ये पण हेच तत्त्व असतं, तिथे मशीनच्या स्वतःच्या इंजिनाचा कूलंट आणि धूर दोन्ही पाणी तापवायला वापरतात. यात मेख अशी की गाडी नुसती उभी करून इंजिन चालू ठेवलं तर फारशी उष्णता मिळत नाही, रस्त्यावर पळताना मिळते. आणि कूलंटची नळी कापायचं काम ज्याला इंजिन कळतं त्याच्याकडूनच करून घ्या, आत हवा अडकली किंवा जोड गळला तर पाणी तापायच्या आधी इंजिन तापेल.

तिसरा म्हणजे डिझेलवरचा छोटा हीटर, वेबास्टो आणि एबरश्पेखर यांच्या नावाने जे ओळखले जातात तसले, गाड्यांसाठीच बनवलेले. याची ज्योत पूर्ण बंद डब्यात असते, जळायची हवा तो गाडीच्या बाहेरून घेतो आणि धूर बाहेर सोडतो, आपण श्वास घेतो त्या हवेशी त्याचा संबंधच येत नाही. बाथरूमच्या गिझरमध्ये आणि यात हाच फरक आहे, जमीन-अस्मानाचा. पाच किलोवॅटचा असेल तर १०० लिटर पाणी ४० डिग्री चढवायला तासाभरापेक्षा थोडं कमी लागतं. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट उष्णता असते, थोडी वाया गेली तरी त्यात दीडशे लिटरच्या वर पाणी ४० डिग्रीने तापतं. बॅटरी लागते पण फक्त पंखा, पंप आणि सुरुवातीला डिझेल पेटवणाऱ्या ग्लो प्लगपुरती. मात्र धुराची नळी गाडीच्या तळाखालीच सोडून देऊ नका, धूर फिरून आत येतो, बाजूला पूर्ण बाहेर काढा आणि जिथे खिडकी किंवा मागचा दरवाजा उघडतो तिथून लांब ठेवा.

आणि ज्यांना गॅसच हवा, कारण त्यांना दिवसभर सलग मोठी कामं असतात आणि तेवढं पाणी साठवणं शक्य नसतं, त्यांच्यासाठी गाडीत बसवायचे म्हणून बनवलेले बर्नर-कॉइलवाले हीटर असतात, धुराडं छतातून बाहेर जाणारे. तेच घ्या आणि ज्याला त्याचं काम येतं त्याच्याकडून बसवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जवळपास दीड ते दोन पट, त्यामुळे गळला की वर उडून जात नाही, पाण्यासारखा तळाला साचतो, कार्पेटच्या गुंडाळ्यांखाली, लाकडी फळीच्या खाली. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास झाला की ठिणगीवर पेट घेतो, आणि व्हॅक्यूमच्या मोटरला ठिणगी असतेच. म्हणून सिलेंडर उभा, बंद कप्प्यात, त्या कप्प्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक. गाडी चालू करायच्या आधी सिलेंडरचा व्हॉल्व हाताने बंद, नुसता हीटरचा खटका नाही. जोड साबणाच्या पाण्याने बघायचे, काडी पेटवून कधीच नाही. गॅसचा अलार्म खाली तळाजवळ लावा आणि मोनॉक्साइडचा अलार्म डोक्याच्या उंचीला, कारण मोनॉक्साइड हवेएवढाच हलका-जड असतो, हवेत सगळीकडे मिसळतो. पेट्रोलचा जनरेटर आणि पेट्रोलचा कॅन या हीटरच्या शेजारी ठेवलेला बघितला की माझ्या अंगावर काटा येतो, पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० डिग्रीला सुद्धा पेट घेऊ शकते.

कुठलाही प्रकार निवडा, मोनॉक्साइडचा अलार्म मात्र सगळ्यांनीच लावा. हातात मावेल एवढी वस्तू आहे.

पंपाबद्दल थोडं. साधा १२ व्होल्टचा डायफ्राम पंप गरम पाण्यासाठी बनवलेला नसतो, किती डिग्री चालेल ते त्याच्या लेबलवर असतं, बऱ्याच पंपांना ६० च्या आसपास मर्यादा असते. शिवाय गरम पाणी वर ओढायला पंपाला जड जातं, ओढताना दाब उतरतो आणि पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन पंप नुसताच घरघरतो. टाकी उंचावर आणि पंप खाली ठेवला की हा त्रास बराच कमी होतो. पाईप पण गरम पाण्याचाच घ्या, फुटला तर कोणाच्या हातावर फुटेल याचा विचार करून घ्या, ६० डिग्रीचं पाणी पाच सेकंदात कातडी भाजतं आणि ७० चं सेकंदाच्या आत.

क्षाराचं पाणी असेल तर त्याचा हिशोब वेगळा. पाणी तापलं की त्यातला चुना खाली बसतो आणि तो सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवरच बसतो. कॉइलवर थर चढला की उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल आतल्या आत जळते. दर काही आठवड्यांनी सायट्रिक ॲसिडचं पाणी फिरवा, कितींदा ते तुमच्या पाण्यावर आहे.

आणि टाकीत कोमट पाणी दिवसेंदिवस ठेवू नका, हे फार कमी लोकांना माहीत आहे म्हणून मुद्दाम लिहितोय. २० ते ४५ डिग्रीच्या पाण्यात लीजनेला नावाचे जीवाणू वाढतात आणि ते पिऊन बाधत नाहीत तर फवाऱ्याच्या बारीक थेंबांतून श्वासात गेले की फुप्फुसाला बाधतात. १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या एका अधिवेशनात न्यूमोनियाची साथ आली तेव्हा या आजाराचा शोध लागला, नाव पण त्या संघटनेवरूनच पडलं. आपण तर दिवसभर पाणी फवारायचंच काम करतो, आणि ते लोकांच्या बंद खोल्यांमध्ये, जिथे म्हातारी माणसं असतात. सुट्टी असेल तर टाकी रिकामी करा, आणि रोज एकदा तरी पाणी ६० च्या वर न्या. रात्री तापवून ठेवायच्या पद्धतीत हे आपोआप होतं, तो तिचा अजून एक फायदा.

आता थोडं तुमच्या वाचकांसाठी, जे आम्हाला घरी बोलावतात. उकळतं पाणी आणा, वाफ दिसली पाहिजे, असा आग्रह खूप ठिकाणी होतो आणि त्या आग्रहापायीच नवीन मुलं नको ते उद्योग करतात. गरम पाण्याने तेलकट मळ सुटतो, केमिकल जोरात काम करतं, कार्पेट लवकर वाळतं, हे खरं आहे. पण १९५९ मध्ये हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने मांडलं होतं की स्वच्छतेचे भाग चार, केमिकल, घासणं, उष्णता आणि वेळ, एक कमी पडला की बाकीचे वाढवून भरून काढता येतं. आम्ही हे रोज बघतो. आधी कोरडं व्हॅक्यूम नीट केलं, केमिकल मारून दहा-पंधरा मिनिटं थांबलो, ब्रशने घासलं, तर ५०-५५ डिग्रीच्या पाण्याने जो निकाल येतो तो नुसतं ९० डिग्रीचं पाणी घाईत मारून येत नाही. आणि मशीनवर ९० दिसलं तरी कार्पेटपर्यंत ९० पोचत नाहीच, लांब पाईपमध्ये थोडं जातं आणि नोझलमधून बारीक थेंब उडाले की हवेतच बरंच उतरतं. पंधरा मीटरच्या पाव इंची पाईपमध्ये जवळजवळ अर्धा लिटर पाणी उभं असतं, तुम्ही दोन मिनिटं थांबलात की ते गार, त्यामुळे पहिला झटका नेहमी बादलीत मारावा.

शिवाय प्रत्येक कार्पेटला गरम चालत नाही. लोकर जास्त उष्णतेने आणि अल्कलीने आटते, रंग सोडते. ज्यूटच्या पाठीचं कार्पेट जास्त भिजलं की पिवळा-तपकिरी डाग वर येतो. रक्त, दूध, अंडं यांच्या डागावर गरम पाणी टाकलं की त्यातलं प्रोटीन शिजून धाग्याला कायमचं चिकटतं, तिथे आधी गारच पाणी. त्यामुळे धुणारा माणूस पांढरं फडकं ओलं करून कोपऱ्यात रंग तपासत बसला तर त्याला वेळकाढू म्हणू नका, आणि पाणी थोडं कमी गरम आहे म्हणाला तर त्याच्यावर ओरडू नका. तो तुमच्या घरचा प्लग मागत असेल तर मात्र विचारा किती किलोवॅटचा हीटर आहे. तीन किलोवॅटचा हीटर २३० व्होल्टवर १३ अँपिअर ओढतो, तासभर सलग, तेवढं झेपेल असाच सॉकेट द्या, गुंडाळलेली एक्स्टेंशन केबल नको, ती आतून तापते, आणि त्या लाइनवर ३० मिलीअँपिअरला तुटणारा अर्थ लीकेजचा स्विच असल्याशिवाय ओल्या जमिनीवर हीटर नकोच.

त्या दिवशीचा माझा मदतनीस आता स्वतःची गाडी चालवतो. टाकी त्याने माझ्यासारखीच रात्री तापवायची केली आहे, फोम माझ्यापेक्षा जाड लावलाय, आणि अलार्म दोन लावलेत, एक मागे आणि एक ड्रायव्हरच्या सीटपाशी.

माझी विनंती एवढीच की त्या लेखातल्या वाक्याची दुरुस्ती छापा, आणि ती आतल्या पानावर बारीक टाइपात नको, लेख जिथे आला होता त्याच पुरवणीत हवी. शब्द सुचत नसतील तर हे घ्या: "घरगुती, धुराडं नसलेला गॅस गिझर वाहनात बसवू नये, त्याने बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो. कामाला निघण्यापूर्वी पाणी विजेवर तापवून इन्सुलेटेड टाकीत न्यावं, किंवा बाहेरून हवा घेणारा आणि बाहेर धूर सोडणारा, वाहनासाठीच बनवलेला हीटर वापरावा."

आपला,
व्हॅनमधून कार्पेट धुणारा एक नियमित वाचक